चांगुणाक्काचा खुबा

शुक्रवारची ओपीडी निम्मी झाली असेल नसेल, तेवढ्यात एका म्हातारीला रिक्षातून उचलून स्ट्रेचरवर घेतलं आणि आत आणलं. डॉक्टर गुरुलिंग पटण्यांना एक्स-रेची गरज नव्हती. उजवा पाय दीड बोट आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या अंगाला कलंडला होता. खुबा मोडला होता. गेल्या आठ वर्षांत लातूरच्या या दवाखान्यात त्यानं असे पाय इतके पाहिले होते, की पायाकडं बघूनच तो पुढचं बोलायला लागायचा. चेहरा नंतर.

"कुठं पडल्या?" त्यानं सोबतच्या बाईला विचारलं.

"धुन्याच्या फरशीवर," ती म्हणाली. "साबनाचं पानी व्हतं. मी सरजाबाई. मेसमदी ह्यांच्यासंगं असते."

मेस म्हटल्यावर त्यानं वर पाहिलं. कपाळावर हिरवं गोंदण, एका कानाची पाळी फाटलेली. म्हातारी दुखण्यानं ओठ दाबून पडली होती, पण डोळे त्याच्यावरच होते.

"अक्का?"

"वळखलास व्हय," चांगुणाक्का म्हणाली. "मी सरजीला म्हनलं, नगं सांगूस. आपोआप वळखलं तर वळखलं."

भूकंपानंतरच्या वर्षी गुरुलिंग उदगीरकडच्या खेड्यातून अकरावीला लातूरला आला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. शिकवण्यांचं पीक तेव्हा नुकतंच उगवायला लागलं होतं. गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं जात होत्या, आणि जिथं पोरं तिथं खानावळी. चांगुणाक्काची खानावळ औसा रोडच्या आतल्या गल्लीत होती. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात तिचा नवरा आणि दोन्ही मुलं घरातच गाडली गेली होती. ती त्या पहाटे शेतातल्या आखाड्यावर, खोपीत होती म्हणून वाचली. सरकारनं नव्या गावात घर दिलं. ते पक्कं होतं, स्लॅबचं. ती त्यात एक दिवस राहिली आणि लातूरला निघून आली. पत्र्याचं एक शेड भाड्यानं घेतलं, चूल मांडली, आणि बारा पोरांपासून सुरुवात केली.

गुरुलिंगला बारावीच्या ऐन दिवाळीत कावीळ झाली. घरी जाऊन पडला असता तर वर्ष बुडालं असतं. अक्कानं त्याला खोलीवरून आपल्या शेडमध्ये आणलं, महिनाभर बिनतेलाचं, बिनतिखटाचं वेगळं रांधून घातलं. पहाटे चारला उठवायची आणि म्हणायची, "वाच. बसवत नसंल तर पडून वाच." त्याला मेडिकलला नंबर लागला, नांदेडला. पेढे द्यायला तो आला, ती शेवटची भेट म्हणायला हरकत नाही. पुढं लातुरात दवाखाना टाकला, तेव्हा उद्घाटनाची पत्रिका द्यायचं मनात आलं होतं. राहून गेलं.

"अक्का, खुब्याचा गोळा मोडलाय. तो बदलावा लागतो. ऑपरेशन केलं की दोन दिवसांत उभी करतो तुला."

"आन न्हाई केलं तर?"

"तर मग पडूनच."

तिनं पदराच्या गाठीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात रेशनकार्ड, आधार आणि योजनेचं कार्ड होतं. "ह्याच्यावर व्हतंय म्हनं. मेसमदी येनाऱ्या पोरांनी सांगितलं."

गुरुलिंगनं पिशवी हातात घेतली. त्या एका क्षणात त्याच्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं.

दवाखाना पंचवीस खाटांचा. गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेत तो सुरुवातीलाच सामील झाला होता, हौसेनं, पहिल्या खेपेत. योजनेनं खुब्याच्या ऑपरेशनला जो दर बांधला होता, त्यात सांधा, औषधं, खाट, जेवण, फिजिशियन, सगळं बसवायचं होतं. ते कधीच बसलं नाही. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी दर वाढेल. वाढला नाही. जो होता तोही सहा-सहा महिने यायचा नाही, आणि आला की त्यात काट मारलेली असायची. उन्हाळ्यात त्यानं दोन म्हाताऱ्यांची ऑपरेशनं मंजुरीची वाट न बघता केली, कारण थांबणं बरं नव्हतं. दोन्ही नामंजूर झाली. गणपतीनंतर दोन जुन्या सिस्टर सोडून गेल्या. पगार वेळेवर होत नव्हता म्हणून गेल्या, आणि तसं तोंडावर सांगून गेल्या. त्याची बायको शिवगंगा भूलतज्ज्ञ, दवाखान्याचा कारभारही तीच बघायची. तिनं एका दुपारी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "यापुढं मंजुरीचा मेसेज मोबाईलवर दिसल्याशिवाय सुरी लावायची नाही. कुणीही असो." तो हो म्हणाला होता.

कुणीही असो, हे त्याला आता आठवलं.

"अक्का, कागदाचं राहू दे," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी करून टाकतो. तुला काय द्यायचं न्हाई."

"फुकट?"

"फुकट कशाचं? तू माझं..."

"नगं," चांगुणाक्का म्हणाली. "कार्ड हाय ना माज्याकडं. सरकारनं दिलंय ते. तू दवाखाना मांडून बसलास, तुझी बी चूल हाय. दोन दिस थांबू की."

त्यानं आणखी एकदा आग्रह करायला हवा होता. गावाकडं साध्या चहालासुद्धा माणूस तीनदा आग्रह करतो. त्यानं केला नाही. ती नको म्हणाली, आणि त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणं त्यानं त्या वेळी नीट पाहिलंही नाही. बाहेर चाळीस पेशंट होते. त्यानं पिशवी योजनेच्या खिडकीवरच्या मृण्मयीकडं पाठवली आणि सिस्टरला म्हणाला, "पायाला वजन लावा. अकरा नंबरला घ्या."

अकरा नंबरची खाट पहिल्या मजल्यावर होती.

दुसऱ्या दिवशी राऊंडला गेला तेव्हा चांगुणाक्काचे डोळे लाल होते. सरजाबाई म्हणाली, "डोळ्याला डोळा न्हाई लागला. वरी बगत बसतात."

"दुखतंय का अक्का?"

"दुखनं व्हय, ते हायच." तिनं छताकडं हनुवटी केली. "ही स्लॅब हाय न्हवं?"

"हो."

"मी स्लॅबखाली झोपत न्हाई रे. चोवीस वर्सं झाली." मग जरा ओशाळून हसली. "पायाला तू वजन बांधलंस. हाललं तर पळू कशी?"

तिची मेस आता पन्नास पोरांची झाली होती. भोवती चार-चार मजली होस्टेलं उठली होती, मालकानं पक्कं बांधून देतो म्हणून कितीदा विचारलं, पण तिनं पत्रे बदलू दिले नव्हते. गुरुलिंगला हे माहीत होतं. पोरं असताना ते तिच्या या भीतीची चेष्टा करायचे आणि तीही हसायची. त्यानं तिची खाट दाराजवळ घ्यायला लावली. खाली ओपीडी, औषधाचं दुकान आणि एक्स-रेची खोली होती, खाट टाकायला जागा नव्हती. दाराजवळूनही छत तेवढंच दिसत होतं.

योजनेकडून शनिवारी संध्याकाळी पहिली शंका आली. रेशनकार्डावर चांगुणा, आधारवर चंगूनाबाई. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. रविवार सुट्टीचा. सोमवारी सरजाबाई तहसीलमध्ये बसून दुपारी ते घेऊन आली. सोमवारी संध्याकाळी दुसरी शंका आली, पेशंटचा खाटेवरचा फोटो जोडा, खाट नंबर दिसला पाहिजे. मृण्मयी लगोलग वर गेली. चांगुणाक्कानं डोक्यावरून पदर नीट घेतला आणि फोटोसाठी मान सरळ धरली.

"उद्या येईल सर, नक्की येईल," मृण्मयी म्हणाली. रोज तीच असं म्हणत होती आणि रोज ते खरं वाटत होतं. एकदम पाच-सहा दिवस थांबायचं असं कुणी सांगितलं असतं, तर गुरुलिंगनं त्या शुक्रवारीच काहीतरी केलं असतं. पण उद्या हा शब्द फसवा असतो. एक दिवस थांबायला कुणाचं काय जातंय, असं त्याला चार वेळा वाटलं.

काय जातंय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हातारं माणूस खुबा मोडून उताणं पडलं, की दिवसागणिक छातीत पाणी साचायला लागतं, पायातलं रक्त गोठतं, पाठ सोलवटते. शिकाऊ डॉक्टरांना तो बोटांवर मोजून सांगायचा, अठ्ठेचाळीस तास. त्याच्या वर थांबाल तर हाड तुम्ही जोडाल, माणूस राहील की नाही याचा नेम नाही.

मंगळवारी तिनं जेवण अर्धं टाकलं. बुधवारी सकाळी बारीक खोकला होता. गुरुलिंगनं छातीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडं खाली खरखर ऐकू आली. त्यानं अँटिबायोटिक बदललं आणि तडक मृण्मयीच्या खिडकीवर गेला.

"काय आलं?"

ती उठून उभी राहिली. तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं वळवला. तिसरी शंका आली होती. रुग्णाचं वय आणि मधुमेह पाहता शस्त्रक्रियेऐवजी अंथरुणावर ठेवून उपचार करण्याचा विचार का केला गेला नाही, खुलासा करावा.

त्यानं ते दोनदा वाचलं. मग तिथंच उभ्यानं खुलासा टाइप केला. चार ओळींचा, सभ्य. खुलासा पाठवला आणि सांध्याचा सेट पुरवणाऱ्याला फोन लावला. "उद्या सकाळी सेट पाहिजे. योजना नाही, काही नाही. मी देतो."

"असं का, सर? मग आज संध्याकाळीच पाठवतो की," तो माणूस म्हणाला. गेले चार दिवस हाच माणूस सेट शिल्लक नाही म्हणत होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता सिस्टरचा फोन आला. तो धावत वर गेला तेव्हा चांगुणाक्काला बसतं करून ठेवलं होतं, आणि प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर उचलले जात होते. ओठ निळसर पडले होते. शिवगंगा त्याच्या मागोमाग आली. तिनं नाडी पाहिली, नखं पाहिली, आणि त्याच्याकडं बघून फक्त मान हलवली. या छातीला भूल देणं शक्य नव्हतं. आता आधी श्वास वाचवायचा होता आणि त्यासाठी व्हेंटिलेटर लागणार होता. त्यांच्याकडं तो नव्हता.

त्यानं लातूरमध्ये तीन खाजगी दवाखान्यांत फोन लावले. तिन्ही ठिकाणी ओळखीचे डॉक्टर. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला, "योजनेतली आहे का?" आणि हो म्हटल्यावर, "बेड नाही रे, काल फोन केला असतास तर." सरकारी दवाखान्यातला व्हेंटिलेटर खरोखरच रिकामा नव्हता. तिसरा फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं, हे वाक्य त्यानं स्वतः किती जणांना ऐकवलंय. याच आवाजात, असंच हळहळून.

मग त्यानं नांदेडला वरदला फोन केला. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले. वरदचा आता वजिराबादेत आयसीयू होता.

"योजना?" वरदनं विचारलं.

"नाही. खर्च माझा."

"मग ये घेऊन. बेड ठेवतो."

अँब्युलन्स दहाला निघाली. गुरुलिंग मागं तिच्याजवळ बसला, सरजाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी. अहमदपूर मागं पडेपर्यंत चांगुणाक्का अर्धवट गुंगीत होती. मग तिनं डोळे उघडले आणि तोंडावरचा मास्क जरा बाजूला सारला.

"हे पत्र्याचं हाय न्हवं?" तिनं वर बघून विचारलं.

"हो अक्का. गाडीय ही. पत्राच आहे."

"हां," ती म्हणाली.

त्यानं मास्क परत लावला. तिनं डोळे मिटले आणि तिला झोप लागली. सहा दिवसांत पहिल्यांदा लागली असेल. तो पडद्यावरचे आकडे बघत बसला. ऑक्सिजन उतरत होता. लोह्याच्या अलीकडं रस्ता खणून ठेवला होता, गाडी पाऊण तास अडकली. तो खाली उतरून लोकांना गाड्या बाजूला घ्यायला सांगत ओरडत सुटला, त्याचा शर्ट धुळीनं भरला. वरदच्या आयसीयूत पोचायला दीड वाजला.

शनिवारी दुपारी चांगुणाक्का गेली. वरदनं होतं नव्हतं ते सगळं केलं. दोन दिवसांच्या त्या खाटेचा आणि यंत्राचा खर्च खुब्याच्या ऑपरेशनच्या तिप्पट झाला. गुरुलिंगनं तो भरला.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर सरजाबाई बसली होती. तिच्या शेजारी त्या कागदांची पिशवी होती. तो येऊन बसल्यावर तिनं विचारलं, "डागदरसाब, येक इचारू? पैल्याच दिशी केलं आसतं, तर?"

त्याला अनेक उत्तरं येत होती. वय होतं, साखर होती, शंभरात इतके जातातच. ही उत्तरं तो रोज देत आला होता आणि ती खोटी नव्हती.

"जगल्या असत्या," तो म्हणाला. "बहुतेक."

सरजाबाईनं मान हलवली. "नगं म्हनल्या त्या. म्या व्हते तितं. पर तुमी बी लगीच ऐकलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जे झालं ते तिनं नुसतं सांगितलं. मग पिशवी उचलून पदराखाली घेतली आणि गावाकडं कुणाला फोन करायचा ते आठवत बसली.

अंत्यविधी नव्या गावात झाला. तिथं तिचं कुणी राहिलं नव्हतं, पण मेसची तीस-पस्तीस पोरं टेम्पो करून आली होती, परीक्षा तोंडावर असताना. त्यातल्या बऱ्याच जणांना मेडिकलला जायचं होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे डॉक्टरसाहेबसुद्धा अक्काच्या मेसचे. ती पोरं त्याच्याकडं आदरानं बघायला लागली. एकानं तर वाकून नमस्कार केला. गुरुलिंगला तिथं उभं राहवेना. तो गाडीत जाऊन बसला.

घरी आल्यावर त्यानं शिवगंगाला सगळं सांगितलं. कावीळ, पहाटेचं उठवणं, पहिल्या दिवशीचं बोलणं. या सहा दिवसांत त्यानं तिला, अकरा नंबर माझ्या ओळखीची आहे, एवढंच सांगितलं होतं.

शिवगंगानं ऐकून घेतलं. "आणि तू मला विचारलं का नाहीस?" ती म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस, कुणीही असो."

"म्हणाले होते. मग? मी नाही म्हणाले असते असं वाटलं तुला? त्या बाईनं तुला जगवलं हे कळल्यावर?" तिचा आवाज चढला. "शनिवारी सकाळी भूल द्यायला मी उभी राहिले असते, गुरू. तुला मला विचारायचंच नव्हतं. मी हो म्हणेन याची भीती होती तुला."

त्यानं स्वतःशी तपासून पाहिलं, आणि ते तसंच होतं.

तिसऱ्या शंकेवरच्या खुलाशाला कधीच उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर गुरुलिंग आणि शिवगंगानं हाडांची ऑपरेशनं योजनेतून काढून टाकल्याचं पत्र दिलं. लातुरात इतर दोन दवाखान्यांनी ते आधीच दिलं होतं. दुसऱ्या मजल्यासाठी एका क्लासवाल्यानं मुलींचं होस्टेल करायला म्हणून विचारलं, तोही व्यवहार ठरला. त्या भाड्यातून सिस्टरांचे पगार वेळेवर व्हायला लागले. आणि दोघांनी आपसांत एक ठरवलं, महिन्याला एक खुबा फुकट करायचा. एकापेक्षा जास्त झेपत नव्हतं, ते त्यांनी दोनदा हिशोबाला बसून पाहिलं.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला कंधारकडून एक जीप आली. म्हातारा ग्यानोबा आत आला, त्याची बायको बाहेर जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी होती. खुबाच. पडून तीन दिवस झाले होते.

"नांदेडात तीन दवाखाने केले," ग्यानोबा म्हणाला. "कार्ड बगितलं की न्हाई म्हनतात. कुनीतरी सांगितलं, लातूरचे पटणे डागदर फुकट करून राहिले. म्हनून आलो."

त्या महिन्याचं ऑपरेशन चार तारखेलाच झालं होतं. औशाची एक विधवा, ती अजून पहिल्या मजल्यावर खाटेवर होती, काल वॉकर धरून चार पावलं चालली होती. शिवगंगा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. गुरुलिंगनं तिच्याकडं पाहिलं, तिनं त्याच्याकडं पाहिलं. जानेवारीत त्यांनी एकाऐवजी तीन केले होते आणि त्यामुळं पगार पुन्हा थकले होते. या महिन्यात नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

"बाबा, या महिन्याचं झालंय," तो म्हणाला. "मी सरकारी दवाखान्याला चिठ्ठी देतो. तिथं करतात."

"किती दिस लागतील?"

"दहा-बारा."

ग्यानोबानं जरा विचार केला. "मग पुढल्या म्हैन्यात येऊ का तुमच्याकडंच? तंवर घरी ठिवतो."

"पुढच्या महिन्यापर्यंत ठेवू नका," गुरुलिंग म्हणाला. "उशीर होईल."

"कशाला उशीर?"

गुरुलिंगनं त्याला सगळं सांगितलं. छातीत पाणी कसं साचतं, पायातलं रक्त कसं गोठतं, अठ्ठेचाळीस तास कशाचे असतात. सोप्या शब्दांत, काही न लपवता. ग्यानोबा लक्षपूर्वक ऐकत होता, मध्ये मध्ये हाव म्हणत होता. सगळं समजलं त्याला. शेवटी त्यानं विचारलं, "म्हंजी तुमाला येतंय, आन तुमी करनार न्हाई."

"हो," गुरुलिंग म्हणाला.

मग त्यानं चिठ्ठी लिहिली, सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन करून नाव सांगितलं, आणि बाहेर जीपपाशी गेला. म्हातारीच्या पायाखाली एक उशी सरकवली, दुसरी दोन्ही गुडघ्यांच्या मधे ठेवून पट्टीनं बांधली, म्हणजे खड्ड्यात पाय हलणार नाही. ड्रायव्हरला सावकाश न्यायला सांगितलं. जीप मागं घेताना ग्यानोबानं खिडकीतून दोन्ही हात जोडले, सवयीनं, आणि जीप क्लासेसच्या पाट्यांखालून सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला लागली.